फोटोतला ऐसपैस हॉल

आमच्या ऑफिसात त्याला सगळे ऐसपैस म्हणतात. तोंडावर नाही, पण त्याला माहीत आहे. घर केवढंही असो, त्याच्या जाहिरातीची पहिली ओळ ठरलेली. ऐसपैस हॉल, ऐसपैस बेडरूम, ऐसपैस बाल्कनी. एकदा तर त्याने ऐसपैस माळा असं लिहिलं होतं, आणि तो माळा असा की मांजरालासुद्धा वाकून चालावं लागेल. हे नाव त्याला मीच ठेवलं. आणि आधीच सांगून टाकते, मी त्याच्याबद्दल चांगलं लिहायला बसलेली नाही. लिहिता लिहिता काही चांगलं निघालंच, तर तो माझा नाइलाज समजा.

मी या धंद्यात बावीस वर्षं आहे. लोकांची घरं विकून देते. फोटो फोनवर काढते. दारात उभी राहून एक, खिडकीपाशी एक, संडास-बाथरूमचा एक, झालं. दिवा लागलेला असला तर असला, नसला तर नाही. पलंगावर कपड्यांचा ढीग असला तर तो फोटोत येतो, कारण तो तिथे असतो. माझा अंगठा बऱ्याच घरांच्या डाव्या कोपऱ्यात आलेला आहे. एकदा बाथरूमच्या आरशात मी अख्खी आले, खांद्याला पर्स आणि तोंडात पेन, आणि ते घर तसंच दोन महिने साइटवर होतं. विकलं गेलं, हे मात्र ध्यानात ठेवा. माझं म्हणणं साधं होतं. फोटो बघून घर कोण घेतं? माणसं येतात, भिंतीवर हात फिरवतात, नळ सोडून बघतात आणि मग घेतात.

तो आला तेव्हा चौतीस वर्षांचा होता. आधी फर्निचरच्या एका दुकानासाठी कॅटलॉगचे फोटो काढायचा. पहिल्याच दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "काकू, खुर्ची जरा सरकवता का? मला प्लग हवाय." काकू! मी बावन्न वर्षांची आहे आणि केस वेळेवर रंगवते. मी खुर्ची सरकवली नाही. मग त्याने लांबची वायर आणली आणि माझ्या पायाखालून नेली, वर "थँक्यू काकू" म्हणाला.

दुसऱ्याच आठवड्यात साहेबांनी मला त्याच्याबरोबर पाठवलं. "बघून या, शिकण्यासारखं आहे." बावीस वर्षांनंतर मी शिकायला निघाले! घर दोन खोल्यांचं, आणि या गड्याने तीन तास घालवले. आधी सगळं सामान स्वयंपाकघरात कोंबलं. मग स्वयंपाकघराचा फोटो काढायचा म्हणून तेच सामान उचलून हॉलमध्ये आणलं. पडदे बाजूला, सगळे दिवे चालू. बॅगेतून दोन पांढरे टॉवेल काढून बाथरूममध्ये लावले. प्लास्टिकची हिरवी सफरचंदं काढली. मग कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उकिडवा बसला, कॅमेरा पोटाशी धरला आणि त्या रुंद भिंगातून एकेक फोटो असा काढला, की घरमालकीण बघून म्हणाली, "अगंबाई, हे कुणाचं घर?"

पण खरी गोष्ट खुर्च्यांची. त्याने खालून गाडीतून एक टेबल आणि दोन खुर्च्या आणून हॉलमध्ये मांडल्या. दिसायला अगदी साध्या. मला म्हणाला, "बसून बघा ना, काकू." मी बसले, तर गुडघे हनुवटीशी आले. सुताराकडून मुद्दाम करून घेतल्या होत्या, नेहमीच्यापेक्षा वीतभर बुटक्या आणि तेवढ्याच अरुंद. खुर्ची लहान, म्हणून खोली मोठी. फोटोत काही म्हणता काही कळत नाही.

ऑफिसात परत येऊन मी त्याच्यावर तोंडसुख घेतलं. ही लबाडी आहे, लोकांच्या डोळ्यांत धूळफेक आहे, दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, वगैरे. पण खरं सांगायचं तर मला लबाडीचा राग आलाच नव्हता. बावीस वर्षं याच धंद्यात घालवून हे मला का सुचलं नाही, याने माझ्या पोटात दुखत होतं. त्या दिवशी जेवणही गेलं नाही.

मग व्हायचं तेच झालं. कानामागून आला आणि तिखट झाला. माझी जुनी गिऱ्हाइकं माझ्यासमोरून जाऊन त्याच्या टेबलाशी बसायला लागली. आमच्याकडे भिंतीवर एक पांढरा फळा आहे. त्यावर दोन रकाने. पहिल्यात कोणाकडे किती घरं विकायला आली ते, दुसऱ्यात कोणाची किती विकली गेली ते. पहिल्या रकान्यात तो माझ्या तिप्पट गेला. दुसऱ्यात आम्ही जवळपास सारखेच होतो, पण साहेबांची नजर पहिल्या रकान्याच्या पुढे कधी सरकलीच नाही. मी दोनदा बोलून दाखवलं. साहेब म्हणाले, "जळू नका हो, बाई." सगळे हसले, तोही हसला.

आता ताईची गोष्ट. माझी सख्खी मोठी बहीण तिसऱ्या मजल्यावर राहायची, सगळ्यात वरच्या. लिफ्ट नाही. पायऱ्या चोपन्न, मी मोजलेल्या आहेत. भाऊजींचे दोन्ही गुडघे गेलेले. आठ महिन्यांत ते फक्त हॉस्पिटलसाठी खाली उतरले होते, तेही दोघांनी खुर्चीवर बसवून उचलून नेलं तेव्हा. मी त्यांच्यासाठी तळमजल्यावरचं एक घर हेरून ठेवलं होतं. माझ्याच गल्लीत, माझ्यापासून चौथं दार. तिथले मालक टपाल खात्यातून निवृत्त झालेले, मुलाकडे जाणार होते. त्यांनी शब्द दिला, "दोन महिने थांबतो. तेवढ्यात तुमच्या बहिणीचं वरचं घर विका आणि हे घ्या." म्हणजे ताई माझ्या चौथ्या दारी येणार. भाऊजी दारात खुर्ची टाकून बसणार. संध्याकाळी हाक मारली की ऐकू जाणार. मी तर मनातल्या मनात रोज त्या दारावरून जाता-येता "काय करतेस गं" म्हणायलाही लागले होते. वरचं घर विकायचं काम माझ्याचकडे येणार, हे इतकं उघड होतं की मी ते ताईला विचारलंसुद्धा नाही. रविवारी फोन घेऊन जायचं आणि फोटो काढायचे, एवढंच.

त्याआधीच्या मंगळवारी सकाळी मी ऑफिसच्या दाराशी पर्समध्ये किल्ली शोधत उभी होते. आमच्या काचेत एक स्क्रीन आहे, त्यावर घरांचे फोटो एकामागून एक सरकत असतात. माझ्यासमोर एक हॉल आला. मऊ पिवळ्या भिंती, जमिनीवर ऊन सांडलेलं, खिडकीत निळंभोर आभाळ. मी किल्ली शोधायची थांबले. मला वाटलं, कोण राहतं अशा घरात? असं घर मला कधी विकायला मिळालं नाही, राहायला तर दूरच. त्या घरातली बाई सकाळी उठून त्या खिडकीशी चहा घेत असेल. तिला काय कमी असेल आयुष्यात? मला त्या न पाहिलेल्या बाईचा हेवा वाटला. चांगला मिनिटभर वाटला. मग स्वयंपाकघराचा फोटो आला. ओट्यावरच्या एका टाइलचा कोपरा उडालेला होता. ती टाइल मी फोडली होती, कुकरचं झाकण आपटून, ताईशी भांडताना. खाली लिहिलं होतं, ऐसपैस हॉल.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ऑफिस न उघडताच मी ताईकडे गेले.

"तू मला न सांगता त्याला घर दिलंस?"

"सांगितलं असतं तर देऊ दिलं असतंस?"

"मी सख्खी बहीण आहे तुझी!"

"म्हणूनच नाही सांगितलं. अगं, तुझ्या फोटोत सगळी घरं आजारी दिसतात. मी जन्मभर पुसून पुसून ठेवलेलं घर, तू दारात उभी राहून खटकन काढणार आणि वर तुझा अंगठा."

भाऊजी खिडकीजवळच्या खुर्चीतून म्हणाले, "अंगठा असला तर काय, सही केल्यासारखं दिसतं."

"तुम्ही गप्प बसा," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

मग ताईने तो फोटो फोनवर काढून माझ्या नाकासमोर धरला. तो तिने डॉक्टरांना दाखवला होता, दूधवाल्याला दाखवला होता, खालच्या मजल्यावरच्या सुनेला दोनदा दाखवला होता. "बघ ना, आपलं घर! मलाच खरं वाटेना." तिचा चेहरा असा फुललेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. आणि तो माझ्यामुळे फुललेला नव्हता, त्या मेल्यामुळे. मी चहा न घेताच उतरले.

पहिल्याच आठवड्यात एकोणीस माणसं घर बघायला आली. दुसऱ्यात बावीस. मी रोज संध्याकाळी ताईला मदत म्हणून जायचे. मदत कसली, मला तोंडं बघायची असायची. दार उघडलं की त्या माणसांच्या चेहऱ्यावर हसू असायचं. चपलांच्या रॅकपर्यंत ते टिकायचं. दोन पावलं आत आली की संपायचं. एका गृहस्थांनी सगळीकडे बघून विचारलं, "हे झालं. आता तो फोटोतला हॉल कुठे आहे?"

"तुम्ही त्यातच उभे आहात," भाऊजी म्हणाले.

एका बाईंनी निळं आभाळ बघायला म्हणून खिडकी उघडली. समोर हाताच्या अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत आणि तिचे पाइप. पठ्ठ्याने भिंत पुसून तिथे आभाळ लावलं होतं. दुरून डोंगर साजरे! त्या घरात वारा किती खेळतो, डोक्यावर कोणी राहत नसल्याने किती शांत असतं, हे कोणालाच दिसेना, कारण जो तो फोटोतलं घर शोधत होता. मला मनापासून आनंद व्हायचा. सख्ख्या बहिणीचं घर विकलं जात नाही, याचा आनंद. आता लिहिताना लाज वाटते, तेव्हा वाटली नाही.

ताईचा चेहरा मात्र हळूहळू उतरत गेला. रोज झाडायचं, पुसायचं, भाऊजींची औषधं लपवायची, आणि परक्या माणसांनी नाक मुरडून जायचं. एकदा फडकं हातात धरून तिने विचारलं, "खरंच इतकं लहान आहे का गं आपलं घर?"

मला "नाही" म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "फोटोत मोठं आहे ना, म्हणून वाटतं."

आणि आता जे सांगायचं ते सांगते. तिसऱ्या आठवड्यात माझ्या टेबलाशी एक चित्रकलेच्या शिक्षिका आल्या. एकट्या राहणाऱ्या, चालणं दणकट. म्हणाल्या, "मला फोटो नका दाखवू, चालत नेऊन घर दाखवा. सगळ्यात वरचा मजला हवा, डोक्यावर कोणी नाचायला नको. लिफ्ट नसली तरी चालेल. शाळेपासून जवळ हवं." शाळा ताईच्या घरामागेच. मी ऐकत होते आणि मला ताईचे ते दोन खोल्यांचे चौकोन डोळ्यांसमोर दिसत होते. इतकं चपखल गिऱ्हाईक बावीस वर्षांत चारदा आलं असेल. पण घर ऐसपैसच्या नावावर. या बाई तिथे गेल्या असत्या तर घर विकलं गेलं असतं, आणि फळ्यावर नाव त्याचं लागलं असतं. ताईनेही म्हटलं असतं, "बघ, त्याच्या फोटोने काम केलं."

मी त्यांना म्हणाले, "सध्या तसं काही नाही. आलं की कळवते."

त्यांचा नंबर आणि काय हवं ते एका चिठ्ठीवर लिहून मी पर्समध्ये ठेवलं. माझा हिशोब असा होता, की हा थकेल, ताई मला म्हणेल "तूच बघ बाई आता", आणि दुसऱ्या दिवशी मी बाईंना हजर करीन. दोन महिन्यांत भरपूर वेळ होता. ती चिठ्ठी घेऊन मी रोज चोपन्न पायऱ्या चढले, भाऊजींच्या शेजारी बसून चहा प्याले, आणि मूग गिळून परत आले.

सातव्या आठवड्यात ऐसपैस स्वतःच माझ्या टेबलाशी आला. हळूच म्हणाला, "काकू, एक विचारू? तुमच्या घराला चार माणसं येतात आणि एक घेतो. माझ्या घराला चाळीस येतात आणि बहुतेकदा चाळीसच्या चाळीस पळतात. मी तो दुसरा रकाना रोज बघतो. तुम्ही नेमकं काय करता?"

हे वाक्य ऐकायला मी किती महिने टपून बसले होते! मी खुर्चीत मागे टेकले. "अनुभव असतो," म्हणाले.

"तुमच्या ताईंचं घर तुम्ही घ्या. आजच घ्या. मी माझं नाव काढतो. मुदत संपत आली आहे."

तिथेच हो म्हणायचं होतं. पण माझं तेवढ्याने भागेना. मला ते ताईच्या तोंडून ऐकायचं होतं. मी म्हणाले, "ते ताईने म्हणायला हवं." आणि ताई म्हणेना. तीही माझीच बहीण, दिलेलं काम कोणाकडून काढून घेणं तिला कमीपणाचं वाटायचं. असे नऊ दिवस गेले. गुरुवारी तिचा फोन आला. "तूच बघ बाई आता," ती म्हणाली. शब्द अगदी माझ्या मनातलेच. शुक्रवारी मी जाऊन फोटो काढले. दारात उभी राहून एक, खिडकीतली भिंत, बाथरूम. भाऊजी आले, त्यांची औषधं आली, अंगठाही आला. शिक्षिकाबाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, शाळेमुळे रविवारीच जमेल.

दोन महिन्यांची मुदत शनिवारी संपली. शनिवारी संध्याकाळी टपालवाले गृहस्थ माझ्या दारात आले. "बाई, मी शब्द पाळला. पण मुलगा घाई करतोय आणि दुसरी माणसं तयार बसली होती. आज त्यांना हो म्हटलं." मी त्यांच्यापुढे रदबदली केली, एक दिवस मागितला. ते भले गृहस्थ होते, पण आता त्यांनी दुसरा शब्द दिला होता.

ते ताईला मीच सांगितलं. भाऊजी म्हणाले, "मी तिथे दारात कुठे बसायचं तेसुद्धा ठरवलं होतं."

रविवारी शिक्षिकाबाई आल्या. त्यांनी नको म्हटलं होतं तरी मी माझे फोटो आधीच पाठवले होते, म्हणून दारातच थबकल्या. "अहो, फोटोवरून मला वाटलं भुयार असेल. हे तर किती छान आहे!" वारा आला, त्यांनी डोळे मिटले. वर बघितलं, कान दिले, वर कोणी नाही. दहा मिनिटांत म्हणाल्या, "घेतलं." नेमका तेव्हाच ऐसपैस आला होता, घराची किल्ली परत द्यायला. दाराशी उभा होता. आणि बाई कौतुकाने माझ्याकडे वळून ताईला म्हणाल्या, "यांना मी महिन्यापूर्वीच सांगून ठेवलं होतं हो. वरचा मजला, शाळेजवळ. बघा, आज मिळालं."

ताईने माझ्याकडे पाहिलं. "महिन्यापूर्वी?"

मी भाऊजींकडे पाहिलं, त्यांनी खिडकीकडे पाहिलं.

"हो," दारातून ऐसपैस म्हणाला. "काकूंनी मला तेव्हाच सांगितलं होतं. मीच म्हटलं, थांबा, माझं एक गिऱ्हाईक पक्कं होतंय. चूक माझी."

मग ताईने त्याला जे फैलावर घेतलं! दोन महिने ती एकेका परक्या माणसापुढे हसली होती, ते सगळं त्याच्यावर निघालं. तुझ्या त्या फोटोपायी माझ्या माणसाचं तळमजल्याचं घर गेलं, म्हणाली. लोकांना फसवतोस, आम्हालाही फसवलंस, म्हणाली. तो मान खाली घालून ऐकत राहिला. शिक्षिकाबाई भांबावल्या. मी तिथेच उभी होते, हातात पर्स घट्ट धरून. एक शब्द बोलायचा होता. बोलले नाही.

तो उतरायला लागला तशी मी मागे धावले. दुसऱ्या मजल्यावर गाठलं.

"का केलंस हे?"

"चिठ्ठी मी पाहिली होती, काकू. पेन शोधताना तुम्ही पर्स टेबलावर पालथी केलीत ना, तेव्हा. वरचा मजला, शाळेजवळ." तो साधेपणाने म्हणाला. "म्हणून तर घर सोडायला आलो होतो तुमच्याकडे."

"मग आत्ता सांगून टाकायचं होतंस ताईला. मोकळा झाला असतास."

"मला लोकांच्या शिव्या रोजच्याच. हॉल फोटोत मोठा होता, फोटोत मोठा होता. तुम्हाला बहीण एकच आहे." आणि किल्ली माझ्या हातात देऊन तो खाली गेला.

मला वाटलं होतं, अशा वेळी माणसाला कृतज्ञता वाटते, निदान लाज तरी. ती नंतर आली. त्या जिन्यात मला पहिल्यांदा वाटला तो हेवाच. हेही त्यालाच सुचावं! माझ्या बहिणीसाठी, माझ्या देखत!

ताईला शेवटी तळमजला मिळाला, पण शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. दोन बस बदलून जावं लागतं. मी महिन्यातून एकदा जाते. भाऊजी दारात खुर्ची टाकून बसतात, समोरून जाणाऱ्या अनोळखी माणसांशी बोलतात. रविवारी ताईचा फोन येतो. अजून त्या मेल्याचा उद्धार केल्याशिवाय तिचं बोलणं पुरं होत नाही, आणि मी "हो ना" म्हणते.

गेल्या रविवारी ती म्हणाली, "तू शेवटी धावून आलीस म्हणून निभावलं गं."

मी म्हणाले, "बहिणीने नाही यायचं, तर कोणी यायचं?"